वाक्यातील रिकामे घर

(शिक्षक आणि पालक यांच्या एका अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



‘सर्जनशीलता’ हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. शाळेच्या माहितीपत्रकात तो असतो, उन्हाळी शिबिराच्या जाहिरातीत असतो, आणि कारखान्यातील व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणवर्गातही असतो. मात्र सर्जनशील विचार करायचा म्हणजे नेमके काय करायचे, असे विचारले की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, ‘मुलांना मोकळे सोडा.’ मोकळे सोडलेले मूल खेळते, आणि ते खेळावेच. परंतु विचार सुरू होण्यासाठी नुसती मोकळीक पुरत नाही; मनाला कोठेतरी अडखळावे लागते. आज मला त्या अडखळण्याविषयी बोलायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, वाक्याची फोड करावी, ती फोड कागदावर चित्ररूपाने मांडावी, आणि त्या चित्रात जे घर रिकामे राहील तेथे थांबावे. नवा विचार बहुधा त्या घरातून बाहेर येतो.

आपण आपल्या अडचणींना नावे देतो. पाणीटंचाई, बेरोजगारी, दप्तराचे ओझे, वाचनसंस्कृतीचा ऱ्हास. नाव दिले की अडचण समजली असे वाटू लागते, आणि मग तिच्यावर परिसंवाद होतात. नाम हे ओट्यावर मांडून ठेवलेल्या पातेल्यासारखे असते. झाकण घातलेले आहे, आत काय शिजते आहे ते दिसत नाही. झाकण उघडायचे असेल तर त्या नामातली क्रिया शोधावी लागते. ‘दप्तराचे ओझे’ म्हटल्यावर मान हलविण्यापलीकडे काही करता येत नाही. ‘मुलगी दप्तर वाहते’ असे म्हटले की लगेच प्रश्न सुचू लागतात. कशाने वाहते? कोठून कोठे? कोणासाठी?

हे प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी नीट लावून ठेवलेले आहेत. आपण सर्वांनी शाळेत ‘स, ला, ते – स, ला, ना, ते’ असे घोकलेले आहे. प्रत्यय पाठ झाले, परीक्षेत गुण मिळाले. प्रत्ययांमागचा विचार मात्र बहुतेकांना कोणी सांगितला नाही. विभक्ती हा पोशाख आहे आणि कारक ही भूमिका आहे. ‘राम आंबा खातो’ आणि ‘रामाने आंबा खाल्ला’ या दोन वाक्यांत रामाचा पोशाख बदलला, प्रथमेची तृतीया झाली. भूमिका तीच राहिली, तो दोन्हीकडे कर्ताच आहे. क्रिया घडण्यास जे जे साहाय्यभूत होते ते कारक, आणि पाणिनीने अशी सहा कारके मानली: कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान आणि अधिकरण. कोण, काय, कशाने, कोणाला अथवा कोणासाठी, कोठून, आणि कोठे अथवा केव्हा. षष्ठी यात नाही, कारण ‘रामाचा भाऊ’ यातील नाते क्रियेशी जोडलेले नसते.

सुमारे चार हजार सूत्रांच्या अष्टाध्यायीत, पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात, हे प्रकरण येते. तेथील क्रम पाहण्यासारखा आहे. पाणिनी कर्त्यापासून आरंभ करीत नाही. तो अपादानापासून आरंभ करतो आणि कर्त्यापाशी थांबतो. यामागे नियमांच्या अग्रक्रमाचे शास्त्रीय कारण आहे, नंतरचे सूत्र आधीच्यापेक्षा बलवान ठरते. पण मला तो प्रश्न विचारण्याचा क्रम म्हणूनही आवडतो. आपल्याला सवय असते ‘कोणी केले?’ असे आधी विचारण्याची. घरात कपबशी फुटली की पहिला प्रश्न तोच. त्याऐवजी ‘कोठून सुटली?’ असे आधी विचारले, तर पुष्कळदा फळीच तिरकी बसविलेली सापडते.

आता हे कागदावर कसे मांडायचे? मध्यभागी एक वर्तुळ काढा आणि त्यात फक्त क्रियापद लिहा. त्यातून सहा रेषा काढा. प्रत्येक रेषेवर कारकाचे नाव, आणि रेषेच्या टोकाला एक घर. वाक्यात जे शब्द आले आहेत ते आपापल्या घरात बसवा. हवे तर ‘हेतू’साठी सातवी रेषा काढा. वैयाकरण हेतूला कारक म्हणत नाहीत. ‘कोणासाठी’ आणि ‘कशासाठी’ यांतही ते भेद करतात, दुसऱ्याला तादर्थ्य म्हणतात. मुलांसमोर एवढे काटेकोर होण्याचे कारण नाही. सहा-सात घरे झाली की पुरे.

येथे कोणी म्हणेल की, हे तर परदेशातून आलेले ‘माइंड मॅप’ आहे. टोनी बुझान यांनी १९७४ पासून दूरचित्रवाणीवरून आणि पुस्तकांतून त्या पद्धतीचा प्रसार केला, आणि आज आपल्या शाळांतूनही मुले मध्यभागी ‘पाऊस’ असे लिहून भोवती रंगीत फांद्या काढतात. छत्री, बेडूक, भजी, चिखल. चित्र सुंदर दिसते. पण त्या फांद्यांवर नाते लिहिलेले नसते. पावसाचा बेडकाशी संबंध कोणता आणि भज्यांशी कोणता, हे त्या चित्राला माहीत नसते, म्हणून ते आठवणींची यादी होऊन थांबते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी त्याच दशकात ‘कन्सेप्ट मॅप’ विकसित केला, त्यात दोन कल्पनांना जोडणाऱ्या रेषेवर जोडणारे शब्द लिहावेच लागतात. तो मला अधिक पटतो. आणि क्रिया मध्यभागी असावी हा विचारही जगाला परका राहिलेला नाही. फ्रेंच भाषावैज्ञानिक ल्युसिअँ तेन्येर यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी वाक्याकडे छोट्या नाटकासारखे पाहिले, क्रियापद शिखरावर ठेवले आणि बाकीची पात्रे त्याच्याखाली टांगली. १९६८ मध्ये अमेरिकेत चार्ल्स फिलमोर यांनी क्रियेभोवतीच्या भूमिकांची मांडणी केली. हैदराबादच्या ट्रिपल आयटीत हिंदी वाक्यांचा जो विश्लेषित संग्रह संगणकासाठी तयार झाला, त्यातील खुणा तर सरळ कारकांवर आधारलेल्या आहेत.

मध्यभागी कोणाला बसवायचे, या प्रश्नावर आपल्याकडे शतकानुशतके वाद झाला, हे आज फार थोड्यांना ठाऊक असते. ‘चैत्र गावाला जातो’ एवढेच वाक्य घ्या. नैयायिक म्हणतात, या वाक्याच्या अर्थात प्रमुख आहे चैत्र. जाणे हे त्याचे विशेषण. वैयाकरण म्हणतात, प्रमुख आहे जाण्याचा व्यापार. चैत्र आणि गाव त्याला येऊन मिळतात. मीमांसकांच्या मते प्रमुख आहे भावना, म्हणजे फळाकडे नेणारा प्रयत्न. शब्द तेच, चित्रे तीन. वरवर पाहता हा पंडितांचा रिकामपणचा उद्योग वाटेल. पण कागदावर ही तीन चित्रे शेजारी शेजारी काढून पाहा. पहिल्यात तुम्ही चैत्राविषयी विचार करू लागता: हा कसा माणूस आहे, घरी का राहत नाही? दुसऱ्यात रस्त्याविषयी आणि वाहनाविषयी. तिसऱ्यात, त्याला गावात काय मिळवायचे आहे, याविषयी. केंद्र बदलले की प्रश्न बदलतात, आणि प्रश्न बदलला की ज्याला आपण ‘नवी कल्पना’ म्हणतो ती बहुधा फार दूर नसते.

या परंपरेतील अठराव्या शतकातले मोठे नाव म्हणजे नागेशभट्ट. काशीत स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय घराण्यातील हे वैयाकरण. त्यांच्या ‘मंजूषे’तील विवेचनाचा आधार घेऊन रिक ब्रिग्ज या संशोधकाने १९८५ मध्ये ‘एआय मॅगझिन’ या अमेरिकी नियतकालिकात एक लेख लिहिला. कोणी एक मित्र देवदत्तासाठी मैत्रीपोटी भांड्यात, चुलीवर भात शिजवतो, अशा साध्या वाक्याची शास्त्रीय संस्कृतातील फोड त्याने घेतली, आणि संगणकाला अर्थ समजावा म्हणून आधुनिक संशोधक जी बिंदू-रेषांची जाळी काढत होते तिच्याशी ती किती जुळते ते दाखविले. ब्रिग्ज तेव्हा नासाच्या एम्स केंद्राशी संबंधित होता. एवढ्या आधारावर आपल्याकडे ‘नासाने संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा म्हणून घोषित केली’ हे वाक्य भाषणांतून आणि भ्रमणध्वनीवरील संदेशांतून गेली कित्येक वर्षे फिरते आहे. तशी घोषणा नासाने केलेली नाही. मी हे येथे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या कार्यकर्त्यांच्या तोंडी ते वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे. मूळ लेखात जे आहे ते अभिमान बाळगण्यास पुरेसे आहे. त्यावर कलाकुसर करण्याची गरज नाही. त्यापेक्षा नागेशभट्टांच्या त्या भाताच्या वाक्याचे चित्र आपल्या सातवीतल्या मुलाला काढता आले, तर त्या परंपरेचा अधिक सन्मान होईल.

आता दप्तराकडे येऊ. फळ्यावर मी मध्यभागी ‘वाहते’ असे लिहितो. कर्ता, मुलगी. कर्म, दप्तर. येथेच मुलांना थांबवा आणि विचारा, दप्तर म्हणजे काय काय? वह्या, पुस्तके, डबा, पाण्याची बाटली, कंपासपेटी, चित्रकलेचे साहित्य. कर्माचे एक घर फुटून सहा घरे झाली. कोणत्या घराचे वजन किती? वजनकाटा आणा, मोजा, आकडे घरात लिहा. पाण्याची एक लिटरची बाटली भरली की एक किलो होते, हे मुलांना विज्ञानात शिकविलेले असते. दप्तरात ती रोज असते हे त्यांना प्रथमच जाणवते. करण: खांदे, बहुधा एकच खांदा, कारण दोन पट्टे लावणे मुलांना कमीपणाचे वाटते. अपादान: घर. अधिकरण: रस्ता, जिना, वर्ग. आणि संप्रदान? हे दप्तर कोणासाठी वाहिले जाते? या घराशी वर्ग गप्प होतो. मग एखादी मुलगी हळूच म्हणते, ‘बाईंनी वही तपासायला मागितली तर असावी म्हणून.’ म्हणजे तपासणीच्या भीतीपोटी सर्व विषयांच्या वह्या रोज प्रवास करतात. आता उपाय सुचविण्यासाठी कोणाला प्रतिभेची वाट पाहावी लागत नाही. प्रत्येक घर स्वतःच एक उपाय सांगते. कर्म बदला: शाळेत प्यायचे पाणी चांगले असेल तर बाटली नको. करण बदला: दोन्ही पट्टे. अधिकरण बदला: वर्गात कपाट. संप्रदान बदला: कोणत्या वारी कोणती वही तपासणार ते आधी सांगा. यातील शेवटचा उपाय फुकट आहे आणि बहुधा सर्वांत परिणामकारकही. ‘दप्तराचे ओझे’ या नामाकडे कितीही वेळ पाहत बसले असते तरी तो सुचला नसता.

माझे आयुष्य वृत्तपत्रात गेले, म्हणून या चित्राचा दुसरा उपयोग सांगतो. नवोदित वार्ताहराला पहिल्या दिवशी शिकवितात, काय, कोण, कोठे, केव्हा, का आणि कसे. सहा प्रश्न. कारकांशी त्यांची तुलना करा, म्हणजे लक्षात येईल की ‘कोणासाठी’ आणि ‘कोठून’ हे दोन प्रश्न त्यात स्वतंत्रपणे येतच नाहीत. आणि शासकीय मराठीने आपल्याला एक अजब वाक्यरचना दिली आहे: ‘करण्यात आले’. लाठीमार करण्यात आला. झाडे तोडण्यात आली. निधी वळविण्यात आला. या शेवटच्या वाक्याचे चित्र काढून पाहा. मध्यभागी ‘वळविणे’. कर्म, निधी. बाकी पाच घरे रिकामी. कोणी वळविला? कोणत्या अधिकाराने? कोणासाठी? कोणत्या कामातून? केव्हा? बातमी म्हणून छापली गेलेली ओळ म्हणजे बातमीचा सहावा हिस्सा आहे, आणि उरलेले पाच हिस्से त्या रिकाम्या घरांत दडलेले आहेत. मी तरुण वार्ताहरांना सांगतो, प्रसिद्धिपत्रक हातात आले की त्यावर वर्तुळ आणि रेषा काढा. दूरध्वनी कोणाला करायचा ते रिकामे घर सांगेल. ग्रामसभेला जाणाऱ्या नागरिकालाही मी तेच सांगेन. ‘काम रखडले’ हे वाक्य तर याहून चतुर आहे. ‘रखडणे’ ही क्रियाच अशी की तिला दुसरा कर्ता लागत नाही. काम आपले आपणच रखडते! तेथे क्रियाच बदलून घ्यावी लागते: काम कोणी थांबविले?

रिकाम्या घराचे सामर्थ्य वाक्यापुरते मर्यादित नाही. आपल्या देवघरासमोर बसून ज्या आजीने आपल्याला ‘क ख ग घ ङ’ शिकविले, तिने नकळत आपल्या हाती एक नकाशा दिला. पाच ओळी, पाच रकाने. आडव्या ओळींत मुखातील स्थाने, कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ. उभ्या रकान्यांत कठोर, मृदू, अल्पप्राण, महाप्राण आणि अनुनासिक. जगातील पुष्कळ लिप्यांत अक्षरांचा क्रम केवळ परंपरेने ठरलेला आहे, त्याला उच्चाराचा काही आधार नाही. आपली वर्णमाला हे उच्चारांचे कोष्टक आहे. ‘ङ’ने आरंभ होणारा शब्द मराठीत नाही, तरी त्याची जागा राखून ठेवली आहे, कारण तो उच्चार ‘अंक’मध्ये आणि ‘गंगा’मध्ये आपण रोज करतो.

आता या कोष्टकात मराठीने घातलेली भर पाहा. आपण ‘चिंच’ म्हणतो आणि ‘चूल’ म्हणतो. अक्षर एकच, पण उच्चार दोन. ‘माझी’ आणि ‘माझा’ म्हणून पाहा, जीभ जागा बदलते. ‘जीव’ आणि ‘जाळे’ही तसेच. तेव्हा मुलांना सांगा, च-वर्गाखाली आणखी एक ओळ काढा आणि हे दंततालव्य उच्चार त्यात बसवा. च बसतो, ज बसतो, झ बसतो. छ? मुले शब्द आठवू लागतात, छत्री, छाती, छोटा, आणि लक्षात येते की ‘छ’ला दुसरा उच्चार मराठीत नाही. घर रिकामे! का बरे? येथे शेजारच्या भाषेशी तुलना करून पाहा. हिंदीत छुरी, मराठीत सुरी. हिंदीत मछली, मराठीत मासळी. हिंदीत पूछना, मराठीत पुसणे. म्हणजे त्या घरातला रहिवासी नाहीसा झालेला नाही. मराठीत येताना तो ‘स’ होऊन शेजारी राहायला गेला. स्वयंपाकघरातल्या सुरीत आणि कोळणीच्या टोपलीत प्राकृताचा इतिहास बसला आहे, आणि तो दाखविण्यासाठी एक रिकामा चौकोन पुरला. दहा-बारा वर्षांच्या मुलांना हा शोध स्वतः लावल्याचा जो आनंद होतो, तो व्याख्येचे पाठांतर करून होत नाही.

रसायनशास्त्रातील सर्वांत प्रसिद्ध रिकामी घरेही याच जातीची. १८६९ मध्ये रशियाच्या दिमित्री मेंडेलिव्हने मूलद्रव्यांचे कोष्टक मांडले आणि जेथे गुणधर्मांचा क्रम तुटत होता तेथे जागा मोकळ्या सोडल्या. या न सापडलेल्या मूलद्रव्यांना नावे देताना त्याने संस्कृत संख्यावाचक शब्द घेतले: एका-ॲल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. अर्थ असा की, ॲल्युमिनियमनंतर त्या स्तंभात एक घर पुढे. १८७५ मध्ये गॅलियम सापडले, १८७९ मध्ये स्कॅन्डियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम. तिन्ही त्या घरांत जाऊन बसली. त्याच काळात, त्याच सेंट पीटर्सबर्ग नगरात ओटो बोथलिंकचा प्रचंड संस्कृत कोश प्रसिद्ध होत होता. अष्टाध्यायीचे संपादनही त्याने केले होते. यावरून काहींनी पुढची अनुमाने केली आहेत. आपल्याला त्यांची गरज नाही. कोष्टक पूर्ण करण्याची घाई न करता घर रिकामे ठेवण्याचे धैर्य, एवढे घेतले तरी पुष्कळ झाले.

शब्द घडविण्याच्या कामात तर कोष्टक हे हत्यारच आहे. एका बाजूला उपसर्ग लिहा, आ, वि, प्र, सम्, उप, अप, परि. दुसऱ्या बाजूला ‘हार’ आणि ‘कार’. आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार, अपहार, परिहार. आकार, विकार, प्रकार, संस्कार, उपकार, अपकार, परिष्कार. मग ‘अनु’ची ओळ जोडा. ‘अनुकार’ सापडतो, ‘अनुहार’ शब्द नेहमीच्या बोलण्यात नाही. असता तर त्याचा अर्थ काय झाला असता? मुले वाद घालतील, आणि वाद घालताना ‘अनु’ म्हणजे काय ते शिकतील.

शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी जो राज्यव्यवहारकोश रचला, तो अकारविल्हे लावलेला नाही. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे त्याचे दहा वर्ग आहेत. तो चाळताना स्वराज्याच्या कारभाराचा नकाशाच समोर उलगडतो. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. नुसती भाषांतराची यादी करायची असती तर वर्ग पाडण्याचे कारण नव्हते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘महापौर’, ‘दिनांक’ यांसारखे शब्द रुजविले हे सर्वांना माहीत असते. पण ‘अ’ची बाराखडी हा त्यांचा आग्रह मला त्याहून बोलका वाटतो. क, का, कि, की अशी प्रत्येक व्यंजनाची ओळ आहे, मग ‘अ’ची का नको, अि, अी, अु, अू का नको, हा प्रश्न कोष्टकाकडे पाहणाऱ्यालाच पडतो. छपाईचे खिळे कमी व्हावेत हा त्यातील व्यावहारिक हेतू. ती बाराखडी काही वर्षे छापली गेली आणि मग मागे पडली. शब्दांचेही तसेच, ‘भ्रमणध्वनी’ मी मघाशी व्याख्यानात म्हटले, घरी गेल्यावर मीही ‘मोबाइल’च म्हणतो. समाज काय स्वीकारील ते समाज ठरवितो. विचार करणाऱ्याने घर दाखवून द्यावे.

शेवटचे उदाहरण पाण्याचे. ‘पाणीटंचाई’ या नामात किती क्रिया दडल्या आहेत ते मोजा. पाऊस पडतो. पाणी वाहून जाते. पाणी मुरते. माणूस पाणी उपसतो. पाणी पुरते अथवा पुरत नाही. प्रत्येक क्रिया वेगळ्या वर्तुळात घाला. ‘पडतो’ या चित्रात आपल्या हाती काहीच नाही. ‘वाहून जाते’ या चित्रात अपादानाचे घर भरते, कोठून? आपल्या शिवारातून. ‘मुरते’मध्ये अधिकरण येते, कोठे? ‘उपसतो’ या चित्रात प्रथमच कर्त्याच्या घरात आपण स्वतः येतो. करणाच्या घरात विंधन विहीर येते, आणि ‘कशासाठी’च्या घरात पिकाचे नाव लिहावे लागते. वर्षानुवर्षे आपली चर्चा ‘आणणे’ या एकाच क्रियेभोवती फिरली: टँकर आणा, धरणातून आणा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने काय केले ते पाहा. पर्जन्यछायेतील हे गाव. १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने आधी डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, म्हणजे ‘मुरणे’ या क्रियेवर काम केले. पण तेवढ्यावर न थांबता ‘उपसणे’ या क्रियेचीही घरे उघडून पाहिली. शेतीसाठी विंधन विहिरींवर बंदी घातली, उसासारखे फार पाणी पिणारे पीक नको असे ठरविले, आणि दरवर्षी पाऊस व भूजल मोजून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत पाडली. त्यांनी कारकांचे चित्र काढले होते असे मी म्हणत नाही. ‘पाणी कोण, कशाने, कोणत्या पिकासाठी उपसतो’ हा प्रश्न गावात उघडपणे विचारला गेला, आणि विचारणाऱ्यांना उत्तर देणारेही तेच होते, हे महत्त्वाचे. ज्या गावात हा प्रश्न कोणी विचारीत नाही, तेथे बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरत नाही.

घरी हा उद्योग करावयाचा झाल्यास तीन पथ्ये पाळावीत. मध्यभागी नाम लिहू नये. रेषा कोरी ठेवू नये. आणि घर रिकामे राहिले तर वडीलधाऱ्यांनी ते चटकन भरून देऊ नये. हे तिसरे पाळणे सर्वांत कठीण, कारण आपल्याला उत्तर ठाऊक असते, निदान तसे वाटते तरी. कागद पाठकोरा चालेल. रांगोळीने अंगणात काढले तर अधिक बरे, चार जणांना एकदम पाहता येते आणि पुसताही येते. या पद्धतीने कवी घडतील असा माझा दावा नाही. कवितेची वाट निराळी आहे, तेथे पुष्कळदा घरेच मोडावी लागतात.

अध्यक्ष महोदयांनी चहाची खूण केली आहे. फळ्यावर मी एक वाक्य लिहितो: ‘गावातले ग्रंथालय बंद पडले.’ आपण सात-आठ जणांचे गट करावेत. पहिले काम, ‘बंद पडणे’ ही क्रिया बदलून दुसरी घेणे. ‘रखडणे’सारखीच ती आहे. मग चित्र काढावे. चहानंतर प्रत्येक गटाने फक्त रिकामी राहिलेली घरे वाचून दाखवावीत.